करपलेली भाकरी

काल लातूरला पाळकांचा वर्ग घेत होते. मागच्या चुलीवरून भाकरी करपल्याचा वास आला आणि मी थेट नांदेडच्या चर्चमागं जाऊन पोचले.

तेव्हा माझा नवरा हिमायतनगरकडं पाळक होता. परदेशी पाहुणे खेड्यातल्या पाळकांना शिकवायला आले होते, त्या पाळकांनी पुढं इतरांना शिकवावं म्हणून. मी दाराशी भाकऱ्या करत होते, कान मात्र आत.

"ज्यांना वाचता येत नाही त्यांना कसं शिकवाल?" पाहुण्यांचा प्रश्न मोठ्या पाळकसाहेबांनी मराठीत सांगितला. मी दारातूनच बोलले, "गोष्ट सांगायची, मग त्यांच्याच तोंडून ऐकायची. मी बायांना खुरपताना असंच शिकविते, साहेब."

ही काय म्हणते, असं पाहुण्यांनी खुणेनं विचारलं. साहेब हसत इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यातला 'फूड' तेवढा मला कळला. पाहुण्यांनी पोटावर हात फिरवला, मला थँक्यू म्हटलं. माझा नवराही हसला. तव्यावरची भाकरी काळी झाली.

त्या एका शब्दापायी मी इंग्रजी शिकले.

कालही माझा वर्ग बघायला परदेशी पाहुणे आले होते. भाषांतर माझ्याकडं होतं. पहिल्या रांगेत बसलेले तेच मोठे पाळकसाहेब, आता म्हातारे झालेले, उठले, आपल्या सेवेबद्दल भरल्या डोळ्यांनी मराठीत बोलले. पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"जेवण तयार आहे का विचारतायत," मी इंग्रजीत सांगितलं.

पाहुणे हसले. साहेबांना इंग्रजी चांगलं येतं. ते मुकाट्यानं खाली बसले.