मी म्यूट केलेला माणूस

मित्रांनो, आत्ताच लिहून टाकतो. उद्या लाज कमी झाली की लिहिणार न्हाय.

मी सॉफ्टवेअरवाला. धाराशिवकडच्या एका शाळेची एकोणीसशे पन्नास-साठ सालातली रजिस्टरं संगणकावर आणायचं काम माझ्याकडं होतं. आज शाळेत गेलो, तर नळदुर्गची एक मुलगी व्हरांड्यात रडत बसलेली. तिला जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची शाळेतली नोंद हवी होती. माझ्या प्रोग्रामनं "नोंद नाही" म्हणून सांगितलं आणि अर्जाची मुदत काल संपली.

नोंद होती. शाळेचे निवृत्त कारकून रशीदचाचा, त्यांनी रजिस्टर उघडून थेट बोटच ठेवलं. निजाम गेला तरी इथले मास्तर काही वर्षं त्याच्या राजवटीतलं फसली सालच लिहायचे. त्याचा आकडा आपल्या सालापेक्षा जवळजवळ सहाशेनं कमी. माझ्या प्रोग्रामनं ती सालं चुकीची धरली आणि त्या सगळ्या नोंदी गाळल्या.

चाचा पहिल्याच ऑनलाइन मीटिंगमध्ये हेच सांगत होते. लई लांबण लावतायत म्हणून मी त्यांना म्यूट केलं. मीटिंग वेळेत संपवली म्हणून साहेबांनी माझ्या संवादकौशल्याचं कौतुकही केलं!

"त्या दिवशी आमचं नेटवर्कच खराब होतं बेटा," चाचा आज म्हणाले. "म्या लई बोललो, तुम्हाला ऐकूच गेलं न्हाय."

मी "व्हय चाचा" म्हणालो.

खरं इथं तुम्हाला सांगतोय, कारण चाचा इथं नाहीत.