बैठकीत गेलेली मुदत

माझ्या नवऱ्याचा उजवा हात कारखान्यातल्या रोलरमध्ये सापडला आणि मनगटापासून गेला. त्या कारखान्याला माणसं पुरवायचं कंत्राट त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाकडे होतं. आम्ही भरपाईचा दावा लावला तेव्हा याच भावाने कामगार न्यायालयात शपथेवर सांगितलं, की त्या दिवशी धाकटा ड्युटीवर नव्हताच, सहज भेटायला आला होता. हजेरी ठेवणारा तोच, त्यामुळे कोर्टाने त्याचं मानलं आणि दावा फेटाळला. सहज भेटायला म्हणे. रोलरला भेटायला गेले होते का, असं मी कोर्टाच्या आवारात मोठ्याने विचारलं, तर नवऱ्यानेच मला गप्प बसवलं.

हायकोर्टात अपील करायला साठ दिवस मिळतात. आमचे ते गावकीत गेले. मी साताऱ्याकडची, खाडीकाठच्या या गावांची रीत मला लग्नानंतर कळली. भाऊ भावाविरुद्ध कोर्टात गेला, की चार जाणती माणसं मध्ये पडतात. बैठक दिरांच्या ओटीवर भरली. दीर मान खाली घालून म्हणाले, "पोरीची हलद होऊन जाव दे. मंग मी सोता कंपनीशी बोलतो, याचा हक्क याला मिलवून देतो. तवर वरच्या कोर्टात जाव नको." बैठकीत असा शब्द दिला-घेतला, की तो विषय कोणी काढत नाही. कोर्टाची मुदतही तोवर थांबत असेल, असं नवऱ्याने खुशाल गृहीत धरलं.

हळद जोरात झाली. दीर डीजेसमोर नाचले, आम्हीही जेवून आलो. नंतर कधी विचारलं की "साहेब बाहेर हाय", "बोलतो ना", हेच. घोंगडं भिजत पडलं. मी शेवटी नवऱ्याला धरून बेलापूरला एका वकीलबाईंकडे नेलं, तेव्हा मुदत उलटून काही महिने झाले होते.

"ताई, उशीर माफ करावा म्हणून अर्ज देता येईल," त्या म्हणाल्या. "पण कारण कोर्टाला पटलं पाहिजे."

"काविल झालती, असा लिवा," नवरा पटकन म्हणाला. हात गेला तरी भावाचं नाव कागदावर यायला नको होतं त्याला. मला तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

वकीलबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि खरं कारण विचारलं. ते मी सांगितलं. मग त्यांना त्या बैठकीतलं कोणीतरी हवं होतं, शपथेवर सांगणारं. चौघा जाणत्यांच्या घरी मी स्वतः गेले. चौघांनीही कानांवर हात ठेवले. एक तर म्हणाला, "आमी चायला आलतो, वैनी." त्या बैठकीत चहा फिरवला होता माझ्या सासूबाईंनी, म्हणजे ऐकणाऱ्या उरल्या त्या एकट्या.

सासूबाई दिरांकडेच राहायच्या. "आईला मधी ओढाचा नाय," असं नवऱ्याने मला बजावलं होतं. मी ओढलं. दीर घरी नसताना गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "कवा येव?" बेलापूरला येऊन त्यांनी अंगठा दिला: थोरल्याने शब्द दिला होता, तो मी माझ्या कानांनी ऐकला. त्याच आठवड्यात दिरांनी त्यांचे कपडे रिक्षात घालून आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटवर पाठवले. सोबत निरोप होता, की आता तिकडेच ऱ्हा.

उशीर माफ झाला. कंपनीच्या वकिलाने खूप आडकाठी घातली, पण झाला. मी पेढे आणले. सासूबाईंनी पेढा हातात धरून विचारलं, "म्हंजे जिकलो?"

"नाही आई. आता फक्त अपील ऐकणार आहेत. खरा प्रश्न तसाच आहे. त्या दिवशी हे कामावर होते की नाही?"

"व्हता की," त्या म्हणाल्या. "दोगं एकाच गाडीवर ड्युटीला गेलते. डबं मीच भरलं."

अपघाताच्या आदल्या दिवशी गावची जत्रा होती. नवरा आईकडेच झोपला होता. मी मुलीच्या परीक्षेमुळे कामोठ्यातच होते. सकाळी निघताना आई देवळात गेली होती, असं त्याने मला सांगितलं होतं, कोर्टातही तेच सांगितलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पेढ्यांच्या पुड्याची दोरी डाव्या हाताने गुंडाळत बसला होता. मला दोघांचाही भयंकर राग आला. याने आईला साक्षीतून वाचवलं, आईने थोरल्याला वाचवलं, आणि मी वर्षभर साक्षीदारांसाठी उंबरे झिजवत होते. रागाच्या भरात मी नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी तिघं बेलापूरला गेलो. वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "खालच्या कोर्टात जे आलं नाही, ते अपिलात सहजासहजी घेत नाहीत. वेगळा अर्ज करून बघू. पण इतके दिवस हे का सांगितलं नाही, याचं कारण द्यावं लागेल." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "आजी, तेव्हा का नाही बोललात?"

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"तवा मना दोन पोरं व्हती," त्या म्हणाल्या.