फिरणारा दात

झिजण्यावर इतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा सापडायचा नाही. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, घरी पाहुणा आला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी दाराबाहेर काढलेली त्याची चप्पल उलटी करून बघतात. "डावी टाच जास्त गेलीय. हा फार वेळ बसणार नाही," म्हणतात, आणि पाहुणा खरंच चहा पिऊन उठतो. आपली चप्पल उलटीपालटी होताना बघून कोण बसेल म्हणा. ताईला बघायला मंडळी आली तेव्हा आतोबा बाहेरच इतके रमले, की मुलाच्या वडिलांना बुटांची काळजी वाटायला लागली. शेवटी आत येऊन त्यांनी जाहीर केलं, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. मला मुलगा पसंत आहे." त्या बुटांवर ताईचा संसार आजही नीट चाललाय.

या वेडामागे त्यांचा धंदा आहे. वाघोडियाला त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे. कच्चा रस्ता खरवडून सपाट करणाऱ्या ग्रेडरच्या पोटाखाली एक लांब पातं असतं, त्याच्या कडेला ओळीने पोलादी दात बसतात, बिट म्हणतात त्यांना. ते आतोबा बनवतात. झिजलेले दात घरच्या शोकेसमध्ये येतात. "लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, माझ्याकडे ग्रेडरची कवळी," असं आत्या येईल त्याला सांगते. दात कडक केला तर दगडावर तुटतो, मऊ केला तर लगेच संपतो. म्हणून आतोबांनी असा दात काढला, की जो आपल्या भोकात बसल्या बसल्या गोल फिरत राहील. फिरला की चारी बाजूंनी सारखा झिजणार, टोक शेवटपर्यंत टोकच राहणार. बाकीचे लोक दात घट्ट बसवायला धडपडतात, आणि आतोबा तो नेमका किती ढिला ठेवायचा याच्या मागे इतकी वर्षं लागलेत.

फिरणारा दात वाजतो. ग्रेडरच्या घरघरीखाली बारीक खुळखुळ येते, अडकला की गप्प होतो. पूर्वी आतोबा रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभे राहून हे ऐकायचे. पण वर्कशॉपच्या ठोकाठोकीत उजवा कान गेला, मग डावाही जायला लागला. तेव्हा त्यांना मी सापडलो. चाळीसगावच्या शाळेत मी हेडमास्तरांची नक्कल करून बाकावर उभा राहायचो, या कलेतून पुढे काही निघेल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. बडोद्याला त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा आतोबा म्हणाले, "आवाज काढतोस ना? मग ग्रेडर काढ." तेव्हापासून मी पात्याच्या बाजूने ऐकत चालतो, परत येऊन तसाच्या तसा आवाज काढतो, आणि ते माझ्या गळ्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून हाताने ऐकतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा पोराचा गळा दाबतोय.

गेल्या महिन्यात एका रस्ते-कंत्राटदाराकडे शेवटची ट्रायल होती. चालली तर त्याच्या सगळ्या ग्रेडरांना आतोबांचे दात, नाहीतर कायमचे जुने. "काका, आ छेल्ली वार छे, हं," त्याचा सुपरवायझर आतोबांच्या कानाशी ओरडला. आतोबांनी मान डोलावली.

सुरुवातीला छान खुळखुळत होतं. टँकरने पाणी मारलेली काळी माती लागली, आणि एकेक दात गप्प होत गेला. मी परत आलो. आतोबांनी गळ्यावर हात ठेवला. खुळखुळ मला झोपेतही काढता येते. थोडी काढली असती तर निदान संध्याकाळपर्यंत, दात खोलेपर्यंत, त्यांचा चेहरा हसरा राहिला असता. मी घरघर काढली, त्यावर खुळखुळ चढवली, मग तिच्यातला एकेक आवाज गाळत गेलो. शेवटी नुसती घरघर उरली. हात बराच वेळ तसाच होता.

"कुठून थांबले?"

"ओली माती लागली तिथून."

"सगळे?"

मी मान डोलावली. ते पात्यापाशी गेले, गुडघे धरून वाकले, भोकात बोट घालून माती उकरली. "शिरायला वाट आहे, निघायला नाही. मागून उघडं ठेवायला हवं होतं."

"जूना दांता पाछा नाखी दउं, काका?" जुने दात परत बसवायला हातात घेऊन सुपरवायझरने ओरडून विचारलं.

"नाखी दे, भाई."

आम्ही घरी आलो. दारात मी चप्पल काढली, आतोबांनी ती सवयीने उचलली आणि पालथी केली. मीही बघितलं नव्हतं कधी. उजवी टाच पार तिरकी झाली होती.

"सारखा माझ्या डाव्या कानाकडे झुकून चालतोस," ते म्हणाले. चप्पल जागेवर नीट जोडून ठेवली. "तोही आता गेल्यातच जमा आहे. बाजू बदलत जा. सारखा झिजशील."

नव्या दाताचं भोक मागून उघडं आहे. तो कुणाच्या ग्रेडरला लागेल, माहीत नाही. हल्ली मी आतोबांच्या उजवीकडून चालतो. तिकडून त्यांना काहीच ऐकू येत नाही. मी बोलत असतो.