मंगलची काहील

लोखंडी पाईपांचा गोल सांगाडा परसात उभा राहिला, त्यात निळं कापड ताणून बसवलं गेलं, आणि गल्लीतल्या बाया कुंपणापाशी जमल्या. सगळ्यांत पुढं साळूबाई. साळूबाईंची बोलायची तऱ्हा ठरलेली. आधी मिश्री जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात सारायची, मग डोळे बारीक करून समोरची वस्तू वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, आणि मग जे काय बोलायचं ते शेजारच्या बाईला.

"गुऱ्हाळ काढतीया जणू मंगल," त्या शेजारणीला म्हणाल्या. "रस आटवायची काहील तर झ्याक हाय. चुलवाण कुटं खांदायचं तेवढं ठरवा."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मंगलही हसली, पण वरवर. कुंडलच्या त्या गल्लीत साळूबाई ज्याला हसल्या, त्याला सगळी गल्ली हसायची. आणि हा पोहायचा तलाव मंगलनं स्वतःसाठी मांडला नव्हता.

मंगलचं माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठाला. भावांच्या मागं मागं ती पाण्यात उतरली आणि त्यांच्यापेक्षा लांब पोहायला शिकली. लग्न होऊन कुंडलला आली तेव्हा तिनं पाहिलं, विहिरीवर पोरं उड्या मारतात आणि त्यांच्या बहिणी काठावर बसून त्यांचे कपडे राखतात. पुढं एका वर्षी महापुरात तिच्या माहेरचं घर पाण्यात गेलं. बाप्ये पोहत जाऊन दोर आणत होते, आणि तिच्या भावजया पत्र्यावर बसून नुसत्या देवाचं नाव घेत होत्या. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं की गल्लीतल्या पोरींना पोहायला शिकवायचं. विहिरीत कुणी पोरगी सोडणार नव्हतं. पण घरामागं, चारी बाजूंनी हिरवी शेडनेट बांधून, छातीइतक्या पाण्यात? तिनं घरोघरी जाऊन विचारलं. सगळीकडं एकच उत्तर, एकाच चालीत: "साळूआत्तींची रेश्मा येनार आसंल, तर आमचीबी यील की."

म्हणजे साळूबाईंनी नात पाठवली, तर सगळ्या पोरी. नाहीतर एकही नाही.

तलाव आणला तो जयराजनं, तिच्या नवऱ्याच्या, नानासोंच्या भाच्यानं. तो फौजेत. सुट्टीवर आला की त्याची मराठी अर्धी छावणीतच राहिलेली असायची. "मामी, लेव्हल एकदम परफेक्ट पायजे," तो कमरेवर हात ठेवून सांगायचा. "एक साईड बसली की पूरा पानी उस तरफ. मग पाईपबी गेला, कापडबी गेलं, आन् आत जो आसंल त्योबी गेला." गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्यानं जमिनीची पातळी काढली. मंगलनं खुरप्यानं लव्हाळ्याची एकेक गाठ उकरून टाकली, कारण लव्हाळा कापडातून सुईसारखा वर येतो. त्यावर खडीची बारीक कच पसरली आणि कचीवर वाढदिवसांचे जुने फ्लेक्स अंथरले. गावातल्या सगळ्या पक्षांचे भावी आमदार हात जोडून खाली आडवे झाले. पाणी भरायच्या आदल्या दिवशी जयराजची सुट्टी संपली. जाताना त्यानं मामाला बजावलं, पाणी स्वच्छ घाला, आणि भरताना प्रत्येक पायावर नजर ठेवा.

नानासोंची एक खोड होती. खात्री असली की ते सावकाश बोलत, आणि खात्री नसली की भराभर. त्या दिवशी ते सावकाश बोलले. विहिरीचं पाणी तसंच सोडलं तर गाळ येणार, म्हणून उसाच्या ठिबकाच्या फिल्टरमधून गाळूनच तलावात घ्यायचं. बोलणं मंगलला पटलं. शेतीची दिवसाची लाईट आली, मोटर सुरू झाली, आणि पाईपातून काचेसारखं पाणी पडायला लागलं.

मंगल दिवसभर तलावाभोवती फिरत होती. पाणी चढेल तसं कापड फुगत होतं, पाईप कण्हल्यासारखे वाजत होते. ओढ्याकडचा एक पाय जरासा खाली गेल्यासारखा वाटला, तशी ती मोटरीकडं पळत गेली, बंद करून आली, नळी लावून पाहिली. पातळी बरोबर होती. पुन्हा मोटर सुरू. तिन्हीसांजेला तलाव भरला आणि उभा राहिला. तळाचा निळा रंग वरपर्यंत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी निरोप धाडला. नव्या पाण्याची ओटी भरल्याबिगर पोरीचा पाय त्यात पडायचा नाही. शुक्रवारी त्या ताट घेऊन येणार होत्या, रेश्माला घेऊन. मनाला बरं वाटलं तर त्याच वेळी पोरगी पाण्यात उतरेल. नाही वाटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

मंगलनं निरोप आणणारीच्या हातावर साखर ठेवली.

आणि बुधवारी सकाळी पाणी हिरवट दिसलं.

आधी तिला वाटलं, शेडनेटची सावली पडली असेल. तिनं तांब्या भरून उन्हात धरला. सावली नव्हती. तिनं जयराजला फोन लावला. तिकडून वाऱ्याच्या घोंघाटात आवाज आला, मामी, टेन्शन नहीं लेनेका, शेवाळ आसंल, क्लोरीन टाक, पंप चालू ठेव, चोवीस घंट्यात क्लिअर. मंगलनं ग्रामपंचायतीच्या टाकीत घालतात ती टीसीएल पावडर आणून, सांगितल्या मापानं बादलीत कालवून पाण्यात सोडली. दुपारपर्यंत पाणी जरा उजळलं. संध्याकाळी पुन्हा हिरवं. गुरुवारी सकाळी तर तळ दिसेना.

कुंपणापलीकडून साळूबाई शेजारणीला म्हणाल्या, "काहील तर हुतीच. आता रसबी वतलाय की."

पाणी खरंच उसाच्या रसासारखं दिसत होतं. मंगलनं पुन्हा पावडर घातली. वास असा उठला की घशात खवखवायला लागलं. पोरींना ज्यात घालायचं ते आधी आपण बघावं म्हणून ती साडीचा काचा मारून आत उतरली आणि तोंड बुडवून तिनं डोळे उघडले. वर आली तेव्हा डोळ्यांत मिरची गेल्यागत झालं होतं. आरशात पाहिलं तर लालभडक.

तिला कळेना. माप बरोबर, पंप चालू, पाणी गाळलेलं. मग शेवाळाला एवढं बळ येतंय कुठून?

दुपारी ती नानासोंची भाकरी घेऊन रानात गेली. बांधावरून जाताना तिचं लक्ष उसाच्या बुडक्याकडं गेलं. माती ठणठणीत कोरडी. म्हणजे या आठवड्यात ठिबक सुटलंच नव्हतं, मोटरीचं सगळं पाणी तलावाला गेलं होतं. तरी फिल्टरशेजारची खताची टाकी रिकामी होती. उसाला द्यायचं पाण्यात विरघळणारं खत नानासोंनी गेल्या रविवारी त्यात कालवलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. टाकीची नळी ठिबकाच्या पाईपाला जोडलेली. आणि टाकीचा कॉक उघडा.

मंगल तिथंच उकिडवी बसली. उसाचा अख्खा डोस तिनं शेवाळाला पाजला होता.

"आवं," ती म्हणाली, "ह्यो कॉक उगडा कसा?"

नानासो भराभर बोलायला लागले. कॉक उघडाच असतो, रोज कोण बंद करतं, ठिबक म्हटलं की खत आलंच, त्या दिवशी घाई किती होती, आणि खत म्हंजे काय वीख न्हाई. मग ते जवळ सरकले. पोतंभर टीसीएल एकदम टाकायची. उद्या सकाळपर्यंत पाणी पांढरंफेक. बाया येणार, ओटी भरणार, पोरगी दोन मिनिटं पाय बुडवणार. "बाया काय तपासनीचं मशीन घिऊन येत्यात व्हय?"

मंगलनं जयराजला फोन लावून खताचं सांगितलं. या वेळी तो हिंदीत बोललाच नाही. "मामी, खतात क्लोरीन वाढवू नगंस. डोळं, छाती, सगळं धरंल. पानी सोडून दे."

पाणी सोडून दे, म्हणजे शुक्रवार सोडून दे. लाईट आता रविवारपर्यंत रात्रीची होती. अंधारात पायांवर नजर ठेवत पुन्हा भरणं शुक्रवारच्या आत शक्य नव्हतं. मंगल घरी आली. तलावाच्या तळाशी असलेल्या, पाणी सोडायच्या बोंडावर हात ठेवून बसली. सकाळपर्यंत पाणी पांढरं होऊ शकत होतं, हे तिला माहीत होतं. साळूबाईंना कळलं नसतं. रेश्माला कळलं असतं, पण ती सातवीतली पोर, डोळे चोळत घरी गेली असती. आणि त्या लाल डोळ्यांचं कारण आयुष्यभर एकच राहिलं असतं: पाणी.

शुक्रवारी उजाडताच तिनं बोंड काढलं. हिरवं पाणी पाटानं उसाकडं निघालं.

निम्मा तलाव रिकामा झाला असेल-नसेल, तोच साळूबाई आल्या. हातात ओटीचं ताट, मागं रेश्मा, आणि त्यांच्या मागं गल्ली. खाली लोळलेलं निळं कापड आणि चिखल पाहून सगळ्या थांबल्या. नानासो पुढं झाले आणि सुरू झाले, की कापडाला भोक, कंपनीचाच माल तसा, बदलून घ्यायचाय...

"भोक न्हाई," मंगल म्हणाली. "आत्ती, म्या सोडलंय पानी."

"का?"

"उसाचं खत गेलंय त्यात. आमची चूक हाय. ह्ये बगा माजं डोळं."

साळूबाईंनी जवळ येऊन मंगलची हनुवटी धरली आणि डोळ्यांत पाहिलं. या वेळी त्या शेजारणीला काही बोलल्या नाहीत.

"पावडर टाकून पांढरं झालं आसतं न्हवं?"

"झालं आसतं."

"मग कुनाला कळलं आसतं?"

"कुनालाच न्हाई."

साळूबाईंनी ताटावरचा खण सारखा केला, रेश्माचा हात धरला आणि वळून चालू लागल्या. गल्ली त्यांच्या मागून गेली. कुणीतरी हळूच हसलं.

मंगल त्या दिवशी जेवली नाही. विषय संपला होता, तरी तिनं कापड घासायला घेतलं. शेवाळाचा बुळबुळीत थर, घडीघडीतून, नखांनी. शनिवारीही घासतच होती, तेव्हा कुंपणावरून एक काळ्या पाईपाचं तोंड आत आलं. मागून साळूबाईंचा आवाज.

"धर. आमच्या बोरला सोलर हाय, आन् खताची टाकी न्हाई. आदी वास घे, चाखून बग, मगच सोड."

मंगलनं वास घेतला, चाखलं, आणि दोघींनी मिळून पाईप आत ओढला. त्या सबंध कामात साळूबाई एकदाच बोलल्या. पायाखालच्या फ्लेक्सवरचा एक चेहरा बाहेर डोकावत होता, त्याला म्हणाल्या, जरा सरक बाबा.

पाणी भरलं, मापानं क्लोरीन पडलं, पंप फिरला. मंगळवारीही तळ लख्ख निळा दिसत होता. ओटी तलावाच्या बाहेर, शिडीपाशी भरली गेली. हळदकुंकू पाण्यात टाकायला निघालेला साळूबाईंचा हात मंगलनं नम्रपणे धरला आणि पाईपावर टेकवला. त्यांनी चालवून घेतलं. मग त्यांनी पिशवीतून बैलाचा कासरा काढला, रेश्माच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. त्यावर कुणी काही बोलायची सोयच नव्हती.

मंगल पाण्यात उभी राहिली. रेश्माच्या पाठीखाली तिनं दोन्ही तळवे धरले आणि सांगितलं, मान सैल सोड, कान बुडू दे, पोट वर. पोरगी आडवी झाली. तेवढ्यात कासरा ताणला गेला. कंबर वाकडी झाली, पाय खाली गेले, तोंडात पाणी शिरलं. ती ठसकली. साळूबाईंनी घाबरून आणखी ओढलं, तशी पोरगी बुचकळत कडेला येऊन आदळली. काठावरच्या बाया एकदम मागं सरल्या. रेश्मा शिडीला धरून खोकत होती.

"बास झालं," साळूबाई म्हणाल्या. "चल घरी."

"आत्ती," मंगल म्हणाली, "कासरा वडू नगासा. सैल सोडा. सोडवत नसंल तर आत्ताच्या आत्ता न्या तिला. पर मग पुन्यांदा आनू नगासा."

साळूबाईंनी नातीकडं पाहिलं. रेश्मानं नाक पुसलं, शिडी सोडली आणि पुन्हा मंगलकडं गेली.

साळूबाईंनी मनगटाचा एक वेढा काढला. थांबल्या. दुसरा काढला. कासरा पाण्यावर वाकडातिकडा पसरला.

रेश्मा आडवी झाली. कान बुडाले, छाती वर आली, बोटं पाण्यावर उघडी पडली. मंगलनं एक हात काढला. मग श्वास धरून दुसरा. दोन्ही हात पाण्याच्या वर घेतले, साळूबाईंना दिसतील असे.

कान पाण्यात असल्यानं रेश्मा बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं ओरडली, "काकी, हात काडलास काय?"

मंगलनं सांगायच्या आत काठावरून साळूबाई पुढं वाकल्या.

"न्हाई गं काडला," त्या तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. "तू वर बग."