गुणांशेजारची ओळ

आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉल संघाच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून पुण्याचे एक गृहस्थ प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात. काल बचावपटू संदीपला त्यांनी चार दिले. गोल झाला तेव्हा तो जागा सोडून पुढे धावला होता, हे खरंच.

"पण जा म्हणून मीच ओरडलो होतो की," आमचे प्रशिक्षक म्हणाले.

ते व्हिडिओत कुठून ऐकू येणार? मी चिडणारच होतो, तेवढ्यात त्या चार गुणांशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं, 'याला काय सांगितलं होतं, मला माहीत नाही. गुण कच्चे धरा.'

आपली नजर कुठे संपते, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

मीही आयुष्यभर माणसांना लांबूनच गुण देत आलो. ही ओळ मात्र एकदाही लिहिली नाही.