तीन बायबलं आणि एक मेंढी

गेलं वर्षभर मी प्रार्थना करत होते, पण खरं सांगायचं तर नुसते ओठ हलत होते. वर्षापूर्वी माझा एकुलता एक मुलगा आयसीयूत वारला तेव्हा आम्ही दाराबाहेर बाकावर बसलेलो. चाळीस वर्षं नर्स म्हणून मी परक्या माणसांचे हात शेवटपर्यंत धरले, आणि पोटच्या पोराचा धरायला मी नव्हते. देवावर माझा राग होता. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही मी हे कधी बोलले नाही.

माझ्या त्या मुलाची लेक सारा सोळा वर्षांची, बंगळूरला वाढलेली, त्या दिवसांत माझ्याकडे आलेली. मराठी छान बोलते, पण वाचता येत नाही. वर्षाच्या स्मरणाच्या उपासनेत तिनं बायबलमधलं, देवाला मेंढपाळ म्हणणारं स्तोत्र वाचावं असं मला फार वाटत होतं, कारण तिच्या पप्पांना ते तोंडपाठ होतं. माझा स्वभाव पहिल्यापासून हेकट. सांगलीच्या घरी टेबलावर मी तीन इंग्रजी बायबलं मांडली. एक जुन्या भारदस्त इंग्रजीतलं, एक अगदी सोपं, एक मधलं. आठवडाभर चष्मा लावून ओळीला ओळ ताडून बघत होते. योग्य भाषांतर सापडलं की पोरीचं मन आपोआप वळेल, असा माझा भाबडा हिशेब.

जुनं वाचून सारा म्हणाली, "आजी, हे कोर्टात बोलल्यासारखं वाटतं." सोपं तिला लहान मुलांचं वाटलं. मधलं वाचताना, अंधाऱ्या दरीत मेंढपाळाच्या काठीचा धीर वाटतो, त्या ओळीपाशी ती थांबली. "मेंढपाळाकडे काठी होती ना? मग पप्पा का गेले? आणि एकटेच का गेले?" मी चिडून म्हणाले, "नको वाचूस, जा." माझाच प्रश्न तिच्या तोंडून आला होता, म्हणून इतका झोंबला.

उपासना साताऱ्याला होती, माझ्या मुलाची कबर तिथेच आहे. त्या सकाळी आम्ही एसटीनं निघालो. तिन्ही पुस्तकं माझ्या पिशवीत, दोघींत अबोला. कराडच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि सगळे खाली उतरले. रस्त्याकडेच्या लिंबाखाली एक म्हातारा धनगर बसला होता. त्याच्या मांडीला टेकून एक मेंढी पडली होती, धापा टाकत. त्याची माणसं कळप घेऊन पुढं गेली होती. सारा जाऊन त्याच्याशेजारी उकिडवी बसली. मी मागं उभी राहिले.

"बाबा, ही वाचेल का?"

"न्हाई पोरी. लय म्हातारी झालीया. आता उठायची न्हाई."

"मग तुम्ही का थांबलात?"

"अगं, एकटी कशी सोडायची? कुत्री हायती, कावळं हायती. आन् मी हितं हाय, ह्ये तिला कळतंय की. ती जाईस्तवर बसायचं."

कुत्रं जवळ आलं की तो काठी उचलायचा, आणि दुसरा हात मेंढीच्या मानेवरून फिरत राहायचा. सारानंही हात ठेवला. मेंढीचा चालला होता तसला श्वास मी वॉर्डात कितीदा ऐकलाय. टायर बदलून होण्याआधीच तो श्वास थांबला. म्हाताऱ्यानं हळूच तिचे डोळे मिटले. सारा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, वर्षात पहिल्यांदा. मीही रडले.

गाडी सुटल्यावर तिनं तिन्ही पुस्तकं मांडीवर घेतली आणि एकाच जागी बोट ठेवून आळीपाळीनं बघत राहिली. "आजी, बाकी शब्द वेगवेगळे आहेत. पण मेंढपाळ जवळ आहे, हे तिन्हींत आहे." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "पप्पांजवळ होता ना?"

"होता गं," मी म्हणाले. आणि मला ते खरंच वाटलं.

कुणी म्हणेल, पंक्चर ते पंक्चर, रोज कुठंतरी होतंच. म्हणू दे, मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की आठवडाभर मी जे निवडत बसले होते ते माझ्या हातात नव्हतंच. त्या धनगराचं नाव विचारायचं राहून गेलं, पण रोज त्याच्यासाठी दोन शब्द बोलते.

उपासनेत पाळकसाहेबांनी सारानं वाचायला यावं म्हणून खूण केली. ती एकच पुस्तक घेऊन पुढं गेली. कोणतं ते मान वाकडी करून बघण्याची माझी सवय, पण मी डोळे मिटले. दरीपाशी तिचा आवाज थांबला, आणि पुढं गेला. वाचून आल्यावर तिनं माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मी प्रभूचे आभार मानले. त्या दिवशी नुसते ओठ हलले नाहीत.