पाच उत्तरांचा कागद

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी नगरच्या एका शाळेत मास्तर होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या एका संस्थेच्या पाहणीचं काम घेतलं होतं. मुलींना शाळेत घालावं का, अशासारखे दहा प्रश्न सोनई गावच्या लोकांना दोनदा विचारायचे. पहिल्यांदा उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न, पण उत्तरं पाच: पूर्ण मान्य, मान्य, सांगता येत नाही, अमान्य, पूर्ण अमान्य. कोणत्या कागदातून माणसाचं मत नीट कळतं, ते ताडून बघायचं होतं.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे 'व्हय' म्हणाले. एकानं जाताना हळूच विचारलं, "लेव्हीचं तर न्हाई ना काई?" सक्तीनं धान्य गोळा करणारा सरकारी माणूस समजत होते मला; तेव्हा त्या 'व्हय'चा अर्थ कळला.

दुसरी फेरी अंगावर आली. पाचवं उत्तर वाचेपर्यंत ऐकणारा पहिलं विसरे. पुन्हा वाचायचं. घसा कोरडा पडे. बरेच जण कंटाळून 'मान्य' म्हणत आणि मीही मुकाट्यानं खूण करी.

एक बाई गोठ्यापुढं कडबा तोडत होत्या. मागच्या खेपेला त्याही 'व्हय' म्हणाल्या होत्या. मुलींच्या शाळेचा प्रश्न आला तशा त्या थांबल्या.

"लेकीला घातली हुती मी शाळंत. चार म्हयन्यांत मालकानं पाटी फोडली. आता यातलं काय लिवनार तुमी?"

"मालकांचं राहू द्या, मावशी. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी विळा खाली ठेवला.

"ह्ये कुनी इचारलंच न्हवतं," त्या म्हणाल्या. "त्ये पयलं काय हुतं? पूर्न?"

"पूर्ण मान्य."

"त्येच लिवा. मालकाला सांगू नगा."

कागद घेऊन पुण्याला गेलो. तिथल्या साहेबांनी मोजणी सोपी व्हावी म्हणून 'पूर्ण मान्य' आणि 'मान्य' एकाच रकान्यात घातले. दोन्ही कागदांचे आकडे सारखेच आले. "फरक काही पडत नाही, पुढच्या वेळी हो-नाहीच ठेवू," ते म्हणाले.

फरक होता, त्या मावशींच्या 'व्हय' आणि 'पूर्ण मान्य'मधला, मी तो समोर बसून ऐकला होता. सांगायला तोंड उघडलं. पण महिनाभराच्या उन्हानं अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि साहेब पुढचा गठ्ठा सोडत होते. मी कागदांची पोच घेतली आणि स्टेशनची वाट धरली.